पेशी वाढल्यात, म्हणजे चांगलंच ना?

निमित्त झालं मोतीबिंदूचं. ऑक्टोबर २०२३, नवरात्र नुकतंच संपलेलं. दिवाळीआधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून घेऊ, म्हणजे चकलीत तीळ किती घातलेत तेही दिसेल, असं अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं. आईला ते अर्थातच झोंबलं होतं. डोळ्यांच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासण्या सांगितल्या: साखर, सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, ईसीजी. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत मला तिथून फोन आला. "काकांची साखर उत्तम आहे. पण पांढऱ्या पेशी अडतीस हजार आल्यात. आधी फिजिशियनला दाखवून घ्या, डोळ्याचं मग बघू."

पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या दरम्यान असाव्या लागतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. नाशकात दर पावसाळ्यात डेंग्यू येतो आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, 'पेशी कमी झाल्या'. त्या पेशी म्हणजे प्लेटलेट आणि या निराळ्या, हा फरक कोण करत बसतो? आत्याला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वाढल्यात ना? मग चांगलंच की! आमच्या वरच्या मजल्यावरच्या पोराच्या पार वीस हजारांवर आल्या होत्या. पपईच्या पानांचा रस पाजून पाजून चढवल्या." तिच्या बोलण्यानं मलाही बरं वाटलं. त्या रात्री मी गाढ झोपले. नंतर बरेच दिवस तशी झोप लागली नाही.

फिजिशियननी कुठंतरी जंतुसंसर्ग असेल म्हणून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. अण्णांना ना ताप होता, ना खोकला. रोज सकाळी जेलरोडवरून चालत जाऊन दूध आणणारा माणूस. सात दिवसांनी पुन्हा रक्त दिलं, आकडा ३९,१००. त्यातल्या लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ७८ टक्के. तेव्हा डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पेरिफेरल स्मिअर', म्हणजे रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी, लिहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रक्ताच्या डॉक्टरांचं एकदा मत घेऊ." डॉक्टर बोलताना नजर चुकवायला लागले की समजावं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात असतो. त्यानं रात्रभर मोबाइलवर वाचून काढलं आणि पहाटे मला फोन केला. "ताई, अण्णांना यातलं काही सांगायचं नाही. तो शब्दसुद्धा घरात काढायचा नाही. खचतील ते." आईनंही मान हलवली. ठरलं की अण्णांना सांगायचं, रक्तात जरा इन्फेक्शन आहे.

आता अण्णा कोण, ते सांगायला हवं. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये त्यांची तेहतीस वर्षं गेली. १९२८ पासून चालू असलेला हा छापखाना आमच्याकडे नुसता 'प्रेस' म्हणून ओळखला जातो. प्रेसमध्ये आहे म्हटलं की पुढं काही विचारायची गरज नसते. अण्णांचं काम छापून आलेल्या शीट तपासण्याचं. शाई फिकी झालीय, आकडा केसभर सरकलाय, कडेला ठिपका पडलाय, हे त्यांना पान उलटता उलटता दिसायचं. ती सवय निवृत्तीनंतरही गेली नाही. घरी लग्नपत्रिका आली की मुलगा-मुलगी कोण हे बघायच्या आधी ते छपाईतल्या चुका काढतात. आणि अशा माणसापासून आम्ही छापील रिपोर्ट लपवणार होतो.

स्मिअरच्या रिपोर्टाची प्रत मी लॅबमधून आणून पर्समध्ये ठेवली, शाळेतल्या कपाटात कुलूपबंद केली. पण फॉर्मवर मोबाइल नंबर अण्णांचा होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. रिपोर्ट त्यांच्या व्हॉट्सॲपवर गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेले तेव्हा ते ओसरीत खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर प्रेसच्या दिवसांतलं जुनं भिंग. मोतीबिंदूमुळे मोबाइलवरची अक्षरं दिसेनात म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून आणली होती.

"इथं लिहिलंय, स्मज सेल्स दिसल्या," ते म्हणाले. "स्मज हा शब्द मला माहितीये. ओली शाई फासली गेली की आम्ही म्हणायचो स्मज आहे, शीट बाजूला काढ. माझ्या रक्ताची शीट बाजूला काढलीय ना तुम्ही?"

मी गप्प.

"कॅन्सर आहे का?"

"असू शकतो. अजून एक तपासणी बाकी आहे."

"किती जणांना माहितीये हे?"

"सगळ्यांना. तुम्ही सोडून."

ते चिडले, आणि आजारावर नाही, आमच्यावर चिडले. भावाशी चार दिवस बोलले नाहीत. आईला म्हणाले, "पन्नास वर्षं संसार केला आणि तू पण यांच्यात सामील?" आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. मला मात्र त्या संध्याकाळी एकदम हलकं वाटलं. आजपर्यंत कित्येकांनी मला विचारलंय, म्हाताऱ्या माणसाला सांगावं का. मी आपली म्हणते, सांगा. नाही सांगितलं तरी त्यांना कळतंच, फक्त मग विचारायला त्यांच्याजवळ कुणी उरत नाही.

स्मज सेल म्हणजे काय, ते पुढे कळलं. काचेच्या पट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढतात, तेव्हा या नाजूक झालेल्या पेशी फुटतात आणि पुसल्यासारखा डाग मागे राहतो. म्हणजे अण्णांनी लावलेला अर्थ फारसा चुकला नव्हता.

मग फ्लो सायटोमेट्री, या पेशी नेमक्या कुठल्या जातीच्या ते ओळखायची तपासणी. सॅम्पल मुंबईला जाणार, रिपोर्टाला पाच दिवस. मी म्हणत होते हाडातलं पाणी काढतील, कमरेत मोठी सुई घालतील. तसं काही झालं नाही. या आजारात बहुतेकदा हातातून काढलेल्या साध्या रक्तावरच निदान होतं. रिपोर्ट यायच्या आतच आम्ही शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात एका कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी जुने आकडे पाहिले, अण्णांकडे पाहिलं न पाहिलं, आणि सांगितलं, "सोमवारी ॲडमिट करा. सहा सायकल केमो लागतील. खाली काउंटरवर अंदाजपत्रक घ्या." भाऊ लगेच तयार. तो तर पुण्याहून पैसे पाठवायच्या गोष्टी करू लागला. मला एवढंच कळेना की मुंबईचा रिपोर्ट आलेला नसताना सहा हा आकडा आला कुठून. मी तसं विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुम्हाला उपचार करायचेत की चर्चा?"

मी घरी येऊन रडले. खोटं कशाला सांगू, निम्मं रडू अपमानाचं होतं.

रिपोर्ट आला. सीडी५, सीडी१९, सीडी२३ असं काहीबाही आणि शेवटच्या ओळीत नाव: क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, रक्ताचा सावकाश वाढणारा कॅन्सर. तो घेऊन आम्ही सकाळच्या पंचवटीनं मुंबईला गेलो, दादरला उतरून टॅक्सीनं परळला, टाटा हॉस्पिटलात. १९४१ पासून उभ्या असलेल्या त्या इमारतीबाहेर फुटपाथवर पथाऱ्या टाकून बसलेली माणसं बघितल्यावर अण्णा हळू आवाजात म्हणाले, "आपण फारच सुखी दिसतोय गं." आमचा नंबर दुपारी लागला. आत पाच-सात मिनिटं असू. डॉक्टरांनी अण्णांच्या मानेला, काखेत, जांघेत हात लावून गाठी बघितल्या, पोट दाबून पानथरी (प्लीहा) वाढलीय का बघितलं. मानेत दोन छोट्या गाठी होत्या, पावट्याएवढ्या. बाकी काही नाही. हिमोग्लोबिन साडेतेरा, प्लेटलेट पावणेदोन लाख.

"काही करायचं नाही," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी सीबीसी. हे नाशिकलाही होईल."

भाऊ हे ऐकायला पुण्याहून आला होता. त्यानं तीन वेळा विचारलं, म्हणजे नक्की काय द्यायचं? डॉक्टरांनीही तितक्याच वेळा तेच सांगितलं. लक्षणं नसताना औषध लवकर सुरू केल्यानं माणूस जास्त जगतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही; त्रास मात्र आधीपासून सुरू होतो. आजार कुठल्या पायरीवर आहे हे ठरवायची पद्धत मूळच्या जोधपूरच्या डॉ. कांती राय यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत मांडली. शून्य ते चार अशा पायऱ्या, अण्णा एकवर. परतीच्या गाडीत अण्णांनी इगतपुरीपर्यंत झोप काढली. आम्ही दोघं बहीण-भाऊ एकमेकांकडे बघत बसलो होतो. मुंबईला जाऊन रिकाम्या हातानं आलो असंच दोघांना वाटत होतं. साधी टॉनिकची बाटलीही लिहून दिली नव्हती.

त्यानंतर नाशिकमध्येच एक रक्तविकारतज्ज्ञ बाई मिळाल्या. अण्णा त्यांना 'मॅडम' म्हणतात, त्या त्यांना 'काका'. पहिल्याच भेटीत त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. लिम्फोसाइट या संरक्षण करणाऱ्या पेशी. त्यांचा काळ संपला की त्या मराव्यात. काकांच्या या पेशी मरत नाहीत, साचत जातात, आणि कामही धड करत नाहीत.

"म्हणजे आमच्या युनियनची माणसं," अण्णा म्हणाले. ते स्वतः युनियनमध्ये होते, त्यामुळे त्यांना हे म्हणायचा अधिकार आहे.

मॅडमनी एक एफआयएसएच तपासणी करून घेतली, गुणसूत्रांत काय बिघडलंय ते बघायची. सतराव्या गुणसूत्राचा तुकडा गळलेला असला तर आजार चिवट असतो. अण्णांचं तेराव्यावरचं निघालं, ते त्यातल्या त्यात सौम्य. फ्लोला साडेसात हजार गेले होते, याला त्याहून जास्त. आणि मग त्यांनी औषध कधी सुरू करायचं ते सांगितलं. हिमोग्लोबिन दहाच्या खाली किंवा प्लेटलेट लाखाच्या खाली घसरायला लागल्या, गाठी किंवा पानथरी फार वाढली, सहा महिन्यांत दहा टक्के वजन उतरलं, काही कारण नसताना ताप किंवा रात्रीचा घाम सुटत राहिला, किंवा लिम्फोसाइटचा आकडा सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाला, तर. नुसता आकडा मोठा आहे म्हणून नाही. "लाखावर पेशी घेऊन मजेत फिरणारे पेशंट आहेत माझे," त्या म्हणाल्या. वेळ आलीच तर आता केमोच लागेल असं नाही. २०१४ पासून या आजाराला गोळ्या आल्यात.

वेळ येईपर्यंत काय? वाट बघायची.

वाट बघणं किती अवघड असतं, हे नातेवाइकांनी दाखवून दिलं. कॅन्सर आहे म्हटल्यावर माणसं फळं घेऊन भेटायला येतात. त्यांना सलाइन, टक्कल, निदान गोळ्यांचा डबा तरी दिसायला हवा असतो. इथं अण्णा शेंगदाणे खात मॅच बघत बसलेले. "औषध काय चालू आहे?" "काही नाही." या दोन शब्दांवर आमच्या घरात जितकी चर्चा झाली तितकी माझ्या लग्नावरही झाली नव्हती. मावशीनं गव्हांकुराचा रस सुचवला, चुलत्यांनी गोमूत्र अर्क, एका दूरच्या भाच्यानं कुठल्याशा वैद्याचा पत्ता, जिथं रात्री दोनपासून रांग लागते. आई गुपचूप वणीला जाऊन नवस बोलून आली. सगळ्यांत लागलं ते मेहुण्यांचं बोलणं. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पैशांमुळे थांबलायत का? तसं असेल तर सांगा, संकोच नको." त्यांचा हेतू चांगला होता. तरी मी आठ दिवस त्यांच्या नावानं बोटं मोडत होते.

आणि खरं सांगू, मलाही ते पटलेलं नव्हतंच. डोक्याला पटलं होतं. रात्री अडीचला जाग आली की मनात यायचं, त्या सोमवारवाल्या डॉक्टरांचंच बरोबर असलं तर?

अण्णांनी मात्र एका गोष्टीची आठवण करून दिली. जानेवारीत ते म्हणाले, "डोळ्याचं राहिलंच की रे!" आम्ही सगळे विसरलो होतो. मॅडमनी हो म्हटलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑपरेशन झालं, आणि पट्टी निघाल्यावर अण्णांनी आधी जुने सगळे रिपोर्ट मागवून घेतले. त्यानंतर वही सुरू झाली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. डावीकडे तारीख, मग एकूण पेशी, लिम्फोसाइटचे टक्के, गुणाकार करून काढलेला खरा आकडा, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, वजन. ३८,४०० गुणिले ७८ टक्के म्हणजे २९,९५२. मॅडम कॅल्क्युलेटर काढायच्या आत अण्णा वही पुढे सरकवतात. एका लॅबनं आकडा हजारांच्या हिशेबात ४१.२ असा छापला, तेव्हा आई घाबरली की पेशी एकदम एकेचाळीसच उरल्या. अण्णांनी तिला अर्धा तास दशांश चिन्ह समजावलं.

त्या पहिल्या वर्षातली एक रात्र विसरता येत नाही. मे महिन्यात पहाटे तीनला आईचा फोन, "यांची गंजी भिजलीय घामानं. पिळून काढावी अशी." मॅडमची यादी माझ्या डोक्यात पाठ होती. रात्रीचा घाम. मी नवऱ्याला उठवलं, इंदिरानगरहून गाडी काढली, द्वारकेचा तो कधीच मोकळा नसणारा चौक रिकामा बघून आणखी भीती वाटली. घरी पोहोचले तर अण्णा गच्चीवर उघडे बसलेले, हातात वर्तमानपत्राचा पंखा. "लाइट गेलीये एकपासून," ते म्हणाले. "मे महिना आहे. तुझ्या आईला पण घाम आलाय, तिला विचार." आम्ही चौघं गच्चीवर उजाडेपर्यंत बसलो. चहा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टीच होती.

सगळ्यांत मोठं भांडण झालं ते रहाडीवरून. अण्णा मूळचे जुन्या नाशकातले, त्यांचं बालपण तिवंध्याच्या आसपास गेलं. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. पेशवाईपासूनच्या दगडी रहाडी, जमिनीत बांधलेले हौद, वर्षभर बुजवलेले असतात. रंगपंचमीला उघडायच्या, पूजा करायची, उकळलेला रंग ओतायचा, आणि मग माणसं वरून धप्पा मारतात. अण्णांनी वयाच्या सत्तरीपर्यंत एक वर्ष चुकवलं नव्हतं. मॅडम नाशिकच्या नाहीत. त्यांनी सगळं कान देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे एकाच पाण्यात किती जण उड्या मारतात?"

"दिवसभरात? शेकड्यांनी."

"मग नाही काका. तुमच्या पेशी भरपूर आहेत, पण लढणाऱ्या कमी आहेत. संसर्ग हाच तुमचा खरा शत्रू. ताप शंभराच्या पुढे गेला की वाट न बघता मला फोन करायचा, एवढं कडक आहे हे."

घासाघीस झाली. पाण्यात उतरायचं नाही, काठावर उभं राहून बघायचं, या अटीवर परवानगी मिळाली. दुपारी ते परत आले ते डोक्यापासून चपलेपर्यंत गुलाबी. "मी काठावरच होतो," ते म्हणाले. "रंग वर आला, त्याला मी काय करू?" मी इतकी ओरडले की शेजारचे बाहेर आले. तीन दिवस दर चार तासांनी थर्मामीटर. काही झालं नाही, हे त्यांचं नशीब. माझं वागणं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगते. २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीस सत्तरीपुढच्या सर्वांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड निघालं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत. आम्ही ते काढून ठेवलंय. पण ते दाखल झाल्यावरच्या खर्चाचं. दर तीन महिन्यांचं रक्त, फी, लशी हे सगळं खिशातून जातं. वाट बघायलाही पैसे लागतात.

लशींवरून आठवलं, आणि हे आठवलं की अजून चुटपुट लागते. मॅडमनी सुरुवातीलाच यादी दिली होती: न्यूमोनियाची लस, फ्लूची दरवर्षी, आणि नागिणीची, दोन डोसांची. जिवंत विषाणूंच्या लशी मात्र अजिबात नाहीत. न्यूमोनिया आणि फ्लूची घेतली. नागिणीच्या लशीची किंमत ऐकून मीच म्हटलं, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळी पुन्हा पुढची वेळ.

डिसेंबर २०२४. अण्णांच्या डाव्या बरगडीखाली जळजळायला लागलं. गॅस असेल म्हणून त्यांनी दोन दिवस ओवा खाल्ला. तिसऱ्या दिवशी अंघोळीनंतर आईनं पाहिलं, पाठीपासून पोटाकडे येणारा लाल पट्टा आणि त्यावर पाण्याचे फोड. आईनं एका नजरेत ओळखलं, "नागीण आहे." लगोलग आत्याचा फोन. नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस जातो म्हणे. गेरू लावा, अमुक गावात एक जण उतरवून देतो. मी त्या वेळी आत्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅडमना फोटो पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू झाल्या पाहिजेत, आत्ता मेडिकल उघडं असेल तर आत्ता. नाशिकरोड स्टेशनजवळ एक दुकान उघडं मिळालं.

लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत वर्षानुवर्षं दडून बसतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की एखाद्या तंतूच्या वाटेनं बाहेर येतो. तंतू एका बाजूचा, म्हणून पट्टाही बहुतेक वेळा एकाच बाजूला, मध्यरेषेपाशी थांबतो. तोंड-शेपटी जुळायची कुठून? फोड पंधरा दिवसांत वाळले, पण दुखणं मार्चपर्यंत पुरलं. सदऱ्याचं कापड टेकलं तरी अण्णा कळवळायचे. कॅन्सर म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते रात्री पलंगावर उशी चावून पडलेले मी पाहिले. लशीचा विषय त्यांनी काढला नाही. मीच एकदा काढला, तेव्हा म्हणाले, "मी पण महागच म्हणालो होतो ना." वहीत त्या पानावर लिहिलंय: 'नागीण. डावी बाजू. तोंड-शेपूट जुळले नाही.' खाली दोन रेघा मारल्यात. बरे झाल्यावर मॅडमनी सांगितलं तेव्हा दोन्ही डोस घेतले, न विचारता, पहिल्या डोसाला भाऊ पुण्याहून मुद्दाम आला.

२०२५ ची रंगपंचमी त्यांनी घरीच काढली. रहाडीचं नाव घेतलं नाही. मला ते मुळीच बरं वाटलं नाही. संध्याकाळी मीच त्यांच्या गालाला बोटभर गुलाल लावला.

आकडे चढतायत, पण रमतगमत. ४१,२००, मग ३९,८००, ४४ हजार, ४७,६००, ५१ हजार. हिमोग्लोबिन तेराच्या आसपास. आता मॅडम चार महिन्यांनी बोलावतात. रिपोर्टच्या दिवशी मी वर्गात फोन उलटा ठेवते आणि दर दहा मिनिटांनी सुलटा करते, हे काही सुटलेलं नाही. भाऊही तिकडे तेच करतो, त्यानं परवा कबूल केलं.

मागच्या महिन्यात डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा ठरला. पुन्हा सीबीसी. या खेपेला डोळ्यांच्या दवाखान्यानं दुसरीच लॅब सांगितली. संध्याकाळी आम्ही सगळे पोहे खात बसलो होतो, तेव्हा अण्णांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडे एक कोवळा, घाबरलेला आवाज.

"काका, लॅबमधून बोलतोय. तुम्ही ठीक आहात ना? घरात कुणी मोठं आहे का बोलायला?"

"मीच आहे मोठा. शहात्तर चालू आहे. बोल."

"काका, घाबरू नका, पण तुमच्या पांढऱ्या पेशी बावन्न हजार सहाशे आल्यात. आम्ही दोनदा लावून बघितलं. आत्ताच्या आत्ता डॉक्टरांना..."

"अरे बाळा, बरोबर आहे ते. मागच्या वेळी एक्कावन्न होत्या." अण्णांनी बशी बाजूला सारली, वही ओढली, पेनाचं टोपण दातांनी काढलं. "तू आधी हिमोग्लोबिन सांग. आणि प्लेटलेट."

पोरानं आकडे सांगितले. अण्णांनी लिहून घेतले, ते परत वाचून दाखवले.

"आणि हे बघ," ते म्हणाले, "पावतीवर माझं आडनाव चुकीचं छापलंय तुम्ही. रिपोर्टात तरी दुरुस्त करून पाठव."